गुडघ्याचा कृत्रिम सांधा : शस्त्रक्रियेपूर्वी आणि शस्त्रक्रियेनंतर

मानवी शरीरातील सर्वांत मोठा सांधा म्हणजे गुडघा होय. वरून येणारी ऊर्वस्थी म्हणजे मांडीचे हाड, खालून येणारी अंतर्जंघास्थी म्हणजे नडगीचे हाड आणि समोर ढालीप्रमाणे बसविलेली जानुकास्थी म्हणजे गुडघ्याची वाटी, अशी तीन हाडे येथे एकमेकांना भेटतात. त्यांच्या टोकांवर कूर्चेचा पांढरा, गुळगुळीत थर असतो आणि सांध्याच्या पिशवीत पाझरणारा वंगणासारखा द्रव त्या थराला सतत ओला ठेवतो. गुडघ्याला दाराच्या बिजागरीची उपमा देण्याची प्रथा आहे. पण ती उपमा अपुरी आहे. बिजागरी एकाच अक्षाभोवती फिरते. गुडघा मात्र वाकताना थोडा घसरतो आणि थोडा वळतोही. सपाट जमिनीवर चालताना त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट आणि जिना चढता-उतरताना तीन ते चार पट भार पडतो. सत्तर किलो वजनाचा मनुष्य पायरी उतरतो तेव्हा त्याचा एक गुडघा क्षणभर दोन क्विंटलांहून अधिक भार पेलत असतो, हे लक्षात घेतले म्हणजे वजन थोडे जरी उतरले तरी दुखणे का कमी होते, याचा उलगडा होतो.

कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे एकदा झिजलेली कूर्चा त्वचेप्रमाणे पुन्हा भरून येत नाही. वय, अनुवंश, स्थूलता, पूर्वी झालेली इजा अशा अनेक कारणांनी हा थर विरळ होत जातो, हाडावर हाड घासू लागते आणि कडेला हाडाचे कंगोरे उगवतात. या विकारास अस्थिसंधिशोथ म्हणतात. स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. आपल्याकडील रुग्णांत बहुधा सांध्याची आतली बाजू आधी झिजते आणि पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात. म्हातारपणी पाय ‘फाकतात’ असे लोक म्हणतात ते हेच. आमवातानेही गुडघा निकामी होतो. परंतु त्याची चाल निराळी असून तो तरुण वयातही गाठू शकतो.

दिल्ली शहरात हा विकार केवळ वैद्यकीय प्रश्न राहत नाही. दिल्ली विकास प्राधिकरणाने बांधलेल्या वसाहतींत तीन-चार मजल्यांच्या, उद्वाहक नसलेल्या इमारती मोठ्या संख्येने आहेत. चाळिशीत ज्यांनी वरच्या मजल्यावरचे घर हौसेने घेतले, ते आज सत्तरी ओलांडून बसले आहेत. मुले नोकरीनिमित्त बंगळूरला किंवा परदेशी असतात. भाजी दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर येते, औषधे दुकानदाराचा मुलगा आणून देतो आणि खाली उतरण्याचे प्रसंग हळूहळू डॉक्टरांच्या भेटीपुरते उरतात. असा मनुष्य तुरुंगात नसतो. पण त्याच्या व रस्त्याच्या मध्ये अठ्ठेचाळीस पायऱ्या असतात. शस्त्रक्रियेचा विचार करताना क्ष-किरण चित्रातील झिजेपेक्षा या पायऱ्यांचा हिशेब अधिक महत्त्वाचा मानावा लागतो.

सांधा बदलण्याची कल्पना

निकामी सांध्याच्या जागी परका पदार्थ बसविण्याची कल्पना फार जुनी आहे. बर्लिन येथील शल्यविशारद थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी १८९० च्या सुमारास हस्तिदंताची बिजागरी गुडघ्यात बसविली. जंतुसंसर्गापुढे हे प्रयोग टिकले नाहीत. पुढे धातूच्या बिजागऱ्यांचेही प्रयोग झाले. परंतु वर सांगितल्याप्रमाणे गुडघा ही बिजागरी नसल्यामुळे त्या सैल होत. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६० नंतरच्या दशकात खुब्याच्या सांध्यासाठी धातू, दाट पॉलिएथिलीन आणि हाडाला घट्ट धरणारे ‘सिमेंट’ यांची जोडी जमविली. त्यांच्याच रुग्णालयात काम करणारे कॅनेडियन डॉक्टर फ्रँक गन्स्टन यांनी १९६८ मध्ये तेच तत्त्व गुडघ्याला लावले. पुढे १९७४ मध्ये न्यूयॉर्क येथे जॉन इन्सॉल, चित्तरंजन रानावत आणि पीटर वॉकर यांनी सिद्ध केलेला सांधा हा आजच्या बहुतेक सर्व कृत्रिम गुडघ्यांचा पूर्वज होय. यांतील डॉ. रानावत हे मूळचे मध्य प्रदेशातील.

भारतीय घराघरांत ही शस्त्रक्रिया नावानिशी माहीत झाली ती मात्र याच डॉ. रानावतांच्या एका रुग्णामुळे. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा गुडघेदुखीचा त्रास २००० साली साऱ्या देशाला दिसत होता. त्या वर्षी १० ऑक्टोबर रोजी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांच्या डाव्या गुडघ्यावर आणि पुढील वर्षी ७ जून रोजी त्याच रुग्णालयात उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. दोन्ही वेळा न्यूयॉर्कहून आलेले डॉ. रानावत शल्यविशारदांच्या चमूचे प्रमुख होते. पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी पंतप्रधानांचे वय पंचाहत्तर होते. ‘या वयात आता कशाला’ असे म्हणून ज्यांनी आपला त्रास लपविला होता, अशा असंख्य वृद्धांना या वार्तेने धीर दिला असावा.

या उदाहरणातील दोन गोष्टी अभ्यासकाने टिपून ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, दोन्ही गुडघे एकाच वेळी न बदलता मध्ये आठ महिन्यांचे अंतर ठेवले गेले. एकाच वेळी दोन्ही सांधे बदलल्यास रुग्णालयातील वास्तव्य एकदाच घडते व खर्चही वाचतो. पण रक्तस्राव अधिक होतो आणि हृदय व फुप्फुसे यांच्यावर अधिक ताण येतो. ज्यांचे वय बरेच आहे किंवा ज्यांना हृदयविकार आहे, त्यांनी शेजाऱ्याचे पाहून ‘दोन्ही एकदमच’ असा हट्ट धरू नये. दुसरी गोष्ट अशी की, दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर पाच आठवडे उलटतात न उलटतात तोच, १४ ते १६ जुलै २००१ या दिवसांत, आग्रा येथे पाकिस्तानच्या राष्ट्राध्यक्षांशी शिखर परिषद झाली आणि वाजपेयी तीत सहभागी झाले. पाच आठवड्यांत मनुष्य बसून करावयाचे काम पुन्हा हाती घेऊ शकतो, याचे हे उत्तम निदर्शक आहे. मात्र त्यांच्या दिमतीला जी व्यवस्था होती ती सर्वांना लाभत नाही, हेही विसरता कामा नये.

निर्णय कोणी आणि केव्हा घ्यावा

गुडघा बदलणे हा तातडीचा उपचार नव्हे. त्याची वाट पाहता येते, आणि अनेकदा पाहावीही. वजन उतरविणे, मांडीच्या पुढील स्नायूंचे व्यायाम, दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरलेली काठी, उंच आसन, आणि गरजेपुरती वेदनाशामके, एवढ्यावर कित्येकांची पाच-दहा वर्षे बरी जातात. काठी दुखऱ्या बाजूच्या हातात धरण्याची चूक सर्रास आढळते. विरुद्ध हातात धरल्यासच तिचा भार वाटून घेण्यास उपयोग होतो.

तथापि वाट पाहण्यालाही सीमा आहे. रात्री झोपेतून जागे करणारी वेदना, दोन-चारशे पावलांवर थांबावे लागणे, दिवसेंदिवस वाढणारे पायाचे वाकडेपण, आणि गोळी घेतल्याखेरीज घरातल्या घरातही फिरता न येणे, ही लक्षणे एकत्र आली म्हणजे शस्त्रक्रिया आणखी लांबविण्यात लाभ नसतो. वर्षानुवर्षे घेतलेली वेदनाशामके मूत्रपिंडे व जठर यांची हानी करतात. शिवाय न वापरलेले स्नायू वाळत जातात, आणि वाळलेल्या स्नायूंवर बसविलेला उत्तम सांधाही अर्धाच चालतो. क्ष-किरण चित्र कितीही भयंकर दिसत असले, पण रुग्ण सुखाने हिंडत-फिरत असेल, तर शस्त्रक्रिया करू नये. चित्रावर नव्हे, माणसावर शस्त्रक्रिया करावयाची असते.

अपेक्षांविषयी येथेच स्पष्ट बोललेले बरे. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत असे आढळले आहे की, शस्त्रक्रिया झालेल्या दर पाच जणांपैकी सुमारे एक जण परिणामाबद्दल पूर्ण समाधानी नसतो. यांतील सर्वच शस्त्रक्रिया फसलेल्या असतात असे नाही. पुष्कळांना नैसर्गिक गुडघा परत मिळण्याची आशा असते, आणि तो मिळत नाही. कृत्रिम गुडघा वेदना घालवितो, पाय सरळ करतो, चालण्याचे अंतर वाढवितो. त्यातून हलका टक् असा आवाज येऊ शकतो. चिरेच्या बाहेरील बाजूस त्वचा काहीशी बधिर राहते. जमिनीवर मांडी घालून बसणे आणि उकिडवे बसणे बहुतेकांना सोडावे लागते. पाटावर बसून पूजा करणाऱ्या गृहिणीला, गुरुद्वारात पंगतीला बसणाऱ्या आजोबांना किंवा नमाज अदा करणाऱ्या वृद्धाला हे आधीच सांगितले पाहिजे. खुर्चीवर बसून केलेल्या पूजेला कोणी उणे मानीत नाही; परंतु ही तडजोड मनाने अगोदर स्वीकारली असेल तर नंतरचा विषाद टळतो.

जाहिरातींचाही येथे विचार केला पाहिजे. गुडगाव, नोएडा आणि दिल्लीतील रस्त्यांवर ‘अधिक वाकणारा गुडघा’ किंवा यंत्रमानवाच्या साहाय्याने होणारी शस्त्रक्रिया यांचे मोठमोठे फलक दिसतात. अधिक वाकणाऱ्या सांध्यांची तुलना नेहमीच्या सांध्यांशी केली असता प्रत्यक्षात फारसा फरक आढळलेला नाही. शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल हे मुख्यतः आधी तो किती वाकत होता यावर ठरते. यंत्राच्या साहाय्याने हाड अधिक अचूक कापता येते हे खरे. पण त्यामुळे सांधा दीर्घकाळ अधिक चांगला टिकतो, असे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. शल्यविशारदाचा अनुभव आणि शस्त्रक्रियागाराची स्वच्छता यांवर चार पैसे अधिक खर्च झाले तर ते सार्थकी लागतात. फलकावरील विशेषणांचे तसे नाही.

खर्चाबाबत एक महत्त्वाची घटना १६ ऑगस्ट २०१७ रोजी घडली. राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती ठरवून दिल्या. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरली. तोवर त्याची सरासरी कमाल विक्री किंमत १,५८,३२४ रुपये होती. अर्थात ही मर्यादा सांध्याच्या किमतीला आहे, रुग्णालयाच्या एकूण देयकाला नाही. तेव्हा देयकात सांध्याची किंमत, त्याचे नाव व उत्पादन-क्रमांक निराळे लिहून मागावेत. तो कागद आयुष्यभर जपून ठेवावा, कारण पुढे कधी सांधा बदलण्याची वेळ आली तर नव्या शल्यविशारदाला सर्वप्रथम त्याचीच गरज भासते. केंद्र सरकार आरोग्य योजनेच्या लाभार्थी निवृत्त कर्मचाऱ्यांनी रुग्णालय योजनेच्या यादीत आहे की नाही, आणि कोणते कागद आधी सादर करावयाचे, याची चौकशी दवाखान्यात लेखी करावी. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि सफदरजंग रुग्णालय येथे खर्च पुष्कळ कमी येतो, पण प्रतीक्षा करावी लागते. ही प्रतीक्षा वाया जाऊ न देणे, हाच पूर्वतयारीचा खरा अर्थ होय.

पूर्वतयारी

शस्त्रक्रियेचे यश टाक्यांच्या आधीच बरेचसे ठरलेले असते, असे म्हणण्यास हरकत नाही. सर्वांत मोठा शत्रू जंतुसंसर्ग. तो शंभरात एखाद-दुसऱ्या रुग्णालाच गाठतो; पण गाठला तर बसविलेला सांधा काढून टाकण्याचीही पाळी येते. म्हणून शरीरात कोठेही दबा धरून बसलेला संसर्ग आधी शोधून नष्ट करावा लागतो. किडलेले दात, मूत्रमार्गाचा दाह, पायाच्या बोटांमधील चिखल्या, नखाची कुरतड, गळू या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी येथे क्षुल्लक राहत नाहीत. दातांचे काम किमान काही आठवडे आधी उरकून घ्यावे. शस्त्रक्रियेच्या जागेवरील केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत, कारण त्वचेवरील सूक्ष्म जखमांतून जंतू शिरतात.

मधुमेह्यांनी केवळ त्या दिवसाची साखर नव्हे, तर मागील तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी तपासणी करून घ्यावी. ती आटोक्यात नसल्यास चांगला शल्यविशारद तारीख पुढे ढकलतो, आणि रुग्णाने त्याबद्दल त्याचे आभारच मानावेत. रक्तातील लोहद्रव्य कमी असल्यास ते वाढवावे. उन्हाची मुबलकता असूनही दिल्लीकरांत ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव मोठ्या प्रमाणावर आढळते, तेव्हा तेही तपासून घ्यावे. तंबाखू, मग ती विडीतील असो वा चुन्यासोबतची, किमान महिनाभर आधी सोडावी. तिच्यामुळे लहान रक्तवाहिन्या आखडतात आणि जखम भरण्यास विलंब लागतो.

औषधांची यादी करताना रुग्ण एक गोष्ट हटकून विसरतात. सांधेदुखीवर कोणा वैद्यबुवांकडून किंवा रेल्वे स्थानकाबाहेरील तंबूतून आणलेल्या बिननावाच्या पुड्या पुष्कळांच्या घरी असतात. ‘जडीबुटी’ म्हणून दिलेल्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे अनेकदा आढळून आले आहे. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याचे शरीर स्वतःचे संप्रेरक बनविणे मंदावते, आणि शस्त्रक्रियेच्या ताणात रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. बधिरीकरण-तज्ज्ञापुढे अशी पुडी संकोच न करता ठेवावी. रक्त पातळ करणारी औषधे केव्हा थांबवावयाची हेही त्यांनाच ठरवू द्यावे. स्वतःहून थांबविणे आणि स्वतःहून चालू ठेवणे, दोन्ही सारखेच घातक आहे.

व्यायामास शस्त्रक्रियेच्या दीड-दोन महिने आधीपासून आरंभ करावा. पलंगावर उताणे निजून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवावा, तो गुडघ्याने खाली दाबावा, पाच आकडे मोजावेत व सैल सोडावे. पाय सरळ ठेवून वीतभर उचलून धरावा. टाच गादीवरून घासत नितंबाकडे आणावी. घोटा वर-खाली हलवावा. एवढे चार प्रकार दिवसातून तीन वेळा दहा-दहा वेळा केले तरी पुरे. हेच व्यायाम शस्त्रक्रियेनंतर वेदनेत करावयाचे असतात; आधीच अंगवळणी पडलेले असले म्हणजे त्या वेळी नव्याने शिकण्याचा भार उरत नाही. वॉकर धरून चालण्याचा सरावही घरीच करून पाहावा.

ऋतूचा विचार करण्याची पद्धत आपल्याकडे आहे, पण ती बहुधा चुकीच्या कारणासाठी असते. उन्हाळ्यात जखम ‘पिकते’ ही समजूत जुन्या काळची होय. दिल्लीत विचार करावयाचा तो निराळ्या गोष्टींचा. पावसाळा सरता सरता तेथे डेंग्यू व चिकुनगुन्या यांची साथ येते. २०१६ साली चिकुनगुन्याने शहराला हैराण केले होते आणि अनेकांचे सांधे पुढे कित्येक महिने आखडून राहिले. ताप येऊन गेला असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलणेच इष्ट. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून हवा दूषित होते, म्हणून दम्याच्या किंवा जुन्या खोकल्याच्या रुग्णाने दिवाळीनंतरचे आठवडे टाळलेले बरे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत जड रजईखाली पाय हलविणे नको वाटते आणि व्यायाम चुकतो. फेब्रुवारी-मार्च हा काळ सोयीचा. तथापि तारीख मिळणे आपल्या हाती नसेल तर ऋतूसाठी शस्त्रक्रिया रद्द करण्याचे कारण नाही.

घराची तयारी ही कुटुंबीयांची जबाबदारी. भारतीय पद्धतीचे शौचकूप असल्यास वर ठेवता येणारी कमोड-खुर्ची आणावी. न्हाणीघरात धरण्यासाठी भिंतीत दांडी बसवावी व खाली न घसरणारी चटई अंथरावी. सुटे पायपुसणे, सतरंजीची दुमडलेली कड, कूलरची लोंबती तार, हे सारे दूर करावे. बसण्याची खुर्ची हातांची, घट्ट बैठकीची आणि गुडघ्याहून किंचित उंच असावी. खोल रुतणारा सोफा उपयोगाचा नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी पहिले काही आठवडे तळमजल्यावरील नातेवाइकाकडे काढता येतील का ते पाहावे. ते शक्य नसल्यास रुग्णालयातून निघण्यापूर्वीच जिना चढण्याचा सराव भौतिकोपचार-तज्ज्ञाकडून करवून घ्यावा. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी निदान पहिले दोन-तीन आठवडे रात्रीही सोबत असणे अगत्याचे आहे.

शस्त्रक्रिया

शस्त्रक्रियेबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण रुग्णाला तेथे काहीच करावयाचे नसते. बहुधा कंबरेत टोचून अधोभाग बधिर केला जातो. रुग्ण जागा किंवा अर्धवट निद्रेत असतो. समोरून चीर देऊन दोन्ही हाडांची झिजलेली टोके सुमारे एक सेंटिमीटर जाडीपर्यंत मापाने कापतात, वर धातूची टोपी व खाली धातूची बैठक सिमेंटने बसवितात आणि मध्ये पॉलिएथिलीनची चकती ठेवतात. सबंध गुडघा कापून काढतात ही समजूत निराधार आहे. सारे काम तासा-दीड तासात आटोपते.

पहिले सहा आठवडे

शस्त्रक्रियेच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला वॉकरच्या आधाराने उभे करतात. घरच्या मंडळींना हे क्रूर वाटते. पण पडून राहण्याने पोटरीतील शिरांत रक्त गोठण्याचे भय वाढते. ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. घोटा हलविणे, लवकर चालणे आणि डॉक्टरांनी दिलेले रक्त न गोठण्याचे औषध ठरलेल्या दिवसांपर्यंत घेणे, या तिन्हींचा हेतू एकच.

या काळातील सर्वांत मोहक चूक म्हणजे गुडघ्याखाली उशी ठेवणे. तिने तत्काळ बरे वाटते. परंतु गुडघा किंचित वाकलेल्या स्थितीत आखडतो, आणि पुढे पूर्ण सरळ न होणारा पाय जन्मभर लंगडावतो. उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेवावी. वाकविण्याकडे सर्वांचे लक्ष असते, सरळ करण्याकडे नसते. वस्तुतः चालीच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. दोन आठवड्यांच्या सुमारास गुडघा काटकोनापर्यंत वाकावा, अशी साधारण अपेक्षा असते. कोणाचा थोडा मागे राहतो. शेजारच्या खोलीतील रुग्णाचे अंश मोजून खंत करू नये.

व्यायामात दुखते. ते दुखणे अर्ध्या-पाऊण तासात ओसरले तर व्यायाम योग्य होता. रात्रभर राहिले आणि सूज वाढली तर तो अधिक झाला, हा साधा मापदंड लक्षात ठेवावा. वेदनाशामक व्यायामापूर्वी अर्धा तास घ्यावे. सहन करण्यात पराक्रम मानून गोळी टाळणारे आणि म्हणून व्यायामही टाळणारे रुग्ण अखेरीस ताठर गुडघा घेऊन बसतात. बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून दिवसातून चार-पाच वेळा पंधरा-वीस मिनिटे ठेवावी. तेलाने मालिश मात्र मुळीच करू नये. विशेषतः पोटरी चोळणे धोक्याचे आहे. दिल्लीत घरोघरी येणारे मालिशवाले आणि ‘नस बसविणारे’ यांना या काळात दारातूनच परत पाठवावे.

जिन्याचा नियम असा : चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. काठी नेहमी शस्त्रक्रियेच्या पायासोबत हलते. टाके बारा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर जखम कोरडी ठेवावी. आहारात डाळी, दूध, पनीर, अंडी यांचे प्रमाण वाढवावे. वेदनाशामकांनी मलावरोध होतो, म्हणून पाणी व पालेभाज्या विसरू नयेत.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मन खचते, ही गोष्ट पुस्तकांत क्वचितच लिहिलेली आढळते. भेटावयास येणारे कमी झालेले असतात, झोप तुटक असते, सूज तशीच असते आणि ‘उगीच केली ही शस्त्रक्रिया’ असा विचार डोकावतो. तो बहुतेकांच्या मनात येतो आणि चालणे वाढले की मावळतो, एवढे जरी घरच्यांनी सांगितले तरी रुग्णाला मोठा आधार होतो. झोप व भूक पार उडाली आणि उदासी आठवड्यांमागून आठवडे राहिली, तर मात्र डॉक्टरांच्या कानावर घालावे.

पोटरी एकाएकी सुजून दुखू लागणे, छातीत दुखणे वा धाप लागणे, जखमेतून स्राव, थंडी वाजून ताप, लाली पसरत जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास पुढील तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जखमेचा स्राव गल्लीतील औषध-दुकानदाराच्या गोळ्यांनी दाबून टाकणे ही गंभीर चूक ठरते. वरून जखम मिटते आणि आत जंतू सांध्याभोवती घर करतात.

ज्यांना घरी तज्ज्ञ बोलावणे परवडत नाही त्यांनी रुग्णालयाच्या भौतिकोपचार विभागात जावे. विष्णु दिगंबर मार्गावरील पंडित दीनदयाल उपाध्याय संस्थेतही बाह्यरुग्णांसाठी असे उपचार होतात. (गायनाचार्य पलुसकरांचे नाव दिल्लीतील या रस्त्याला आहे, हे तेथून जाणाऱ्या मराठी माणसालाही सहसा ठाऊक नसते.)

त्यानंतर

चार ते सहा आठवड्यांत वॉकर सुटून काठी येते आणि पुढे तीही सुटते. मोटार चालविण्यास साधारणपणे सहा आठवड्यांनंतर परवानगी मिळते. मेट्रोच्या स्थानकांत उद्वाहक असल्यामुळे प्रवासाचा सराव तेथून सुरू करणे सोपे. मात्र गर्दीची वेळ टाळावी आणि सरकत्या जिन्याचा मोह काही काळ आवरावा. तीन महिन्यांत बहुतेक दैनंदिन कामे होऊ लागतात. गुडघ्याभोवतीची ऊब आणि थोडी सूज वर्षभर राहू शकते. ती संसर्गाची खूण असतेच असे नाही.

सपाट बागेतील चालणे, पोहणे, स्थिर सायकल हे व्यायाम आयुष्यभर चालावेत. धावणे व उड्या वर्ज्य. प्रदीर्घ पाहण्यांचा निष्कर्ष असा की, दर दहा कृत्रिम गुडघ्यांपैकी सुमारे आठ पंचवीस वर्षांपर्यंत टिकतात. सत्तरीत बसविलेला सांधा म्हणूनच बहुधा आयुष्यभर पुरतो. पन्नाशीत बसविलेल्याबद्दल तसे आश्वासन देता येत नाही, आणि तरुण रुग्णाला थांबण्याचा सल्ला दिला जातो तो याच कारणाने. दुसऱ्यांदा सांधा बदलणे अधिक अवघड व महाग असते.

विमानतळावरील आणि मेट्रोच्या प्रवेशद्वारावरील तपासणी-यंत्रात धातूमुळे घंटा वाजते. रुग्णालयाचे पत्र जवळ ठेवावे, तरी हाताने तपासणी होतेच. तीत अपमान मानू नये. दंतवैद्याकडे किंवा कोणत्याही शस्त्रक्रियेस जाताना गुडघ्यात कृत्रिम सांधा आहे हे आवर्जून सांगावे, कारण शरीरातील दूरचा संसर्गही रक्तावाटे तेथे पोहोचू शकतो. पायाला जखम, गळू वा मूत्रदाह झाल्यास उपचार त्वरित करावेत. काहीही दुखत नसले तरी शल्यविशारदाने सांगितलेल्या काळाने क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. सांधा आतून सैल होऊ लागला असेल तर ते चित्रात वेदनेच्या आधी दिसते, आणि त्या अवस्थेत दुरुस्ती पुष्कळ सोपी असते.